तुमची दाराआडची प्रार्थना

प्रिय आई आणि बाबा,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

बाबा, तुम्ही फोनवर बोलता बोलता म्हणालात की डॉक्टरांनी उपास बंद केले, आईला गुडघ्यांमुळे चर्चला जाता येत नाही, आता आपण नावापुरतेच विश्वासणारे उरलो. मग तुम्ही लगेच विषय बदलला, पण माझ्या मनातून ते जात नाहीये. फोनवर असलं बोलणं नीट होत नाही, मध्येच कोणीतरी येतं नाहीतर आवाज तुटतो, म्हणून सावकाश लिहितेय. तुम्ही पण सावकाश वाचा, आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

मला मनापासून वाटतं की तुम्ही उलटं मोजताय. चर्चमध्ये जे दिसतं ते खरं आणि घरात जे होतं ते म्हणजे न जमणाऱ्यांची सोय, असं काहीतरी आपल्या डोक्यात कधीतरी बसलंय. पण मत्तयाचा सहावा अध्याय काढून बघा ना. दान, प्रार्थना आणि उपास, तिन्हीबद्दल येशू एकच गोष्ट सांगतो, लोकांनी बघावं म्हणून करू नका. प्रार्थनेला खोलीत जा आणि दार लावून घे, उपास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू, म्हणजे कोणाला कळणार पण नाही. आणि हे तो धडधाकट आणि तरुण लोकांना सुद्धा सांगतोय, ज्यांना सभास्थानात चालत जाता येत होतं त्यांना! म्हणजे बंद दाराआडची प्रार्थना ही म्हातारपणाची तडजोड नाही, ती सगळ्यांनाच सांगितलेली आहे, फक्त आमच्या धावपळीत आमच्याकडून ती सुटते आणि तुमच्याकडे तिला वेळ आहे.

मंडळीबरोबरची प्रार्थना कमी महत्त्वाची असं मी म्हणत नाहीये हं. अंत्युखियाच्या मंडळीने एकत्र उपास आणि प्रार्थना करूनच बर्णबा आणि शौल (म्हणजे पौल) यांना सुवार्तेच्या कामावर पाठवलं. पण मार्काच्या पहिल्या अध्यायात बघा, आदल्या संध्याकाळी कफर्णहूमात सगळं गाव दाराशी जमलेलं, किती जण बरे झाले, आणि दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच येशू उठून रानात जाऊन प्रार्थना करत बसला. त्याचे शिष्य, शिमोन पेत्र आणि बाकीचे, शोधत आले, म्हणाले सगळे तुझा शोध करतायत. कोणीही माणूस अशा वेळी परत गेला असता, एवढे लोक वाट बघत असताना. तो म्हणाला, चला, आसपासच्या गावांत जाऊ, तिथेही मला उपदेश करायचाय. लोकांच्या ओढीपेक्षा पित्याने दिलेलं काम मोठं, हे त्याने त्या एकांतातून उठल्यावर सांगितलं. मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो, कारण दिवसभर आपण दुसऱ्यांच्या मागण्यांमागेच पळत असतो, ऑफिस असो नाहीतर घर, आणि सकाळी प्रभूजवळ बसलं नाही की कोणाला हो म्हणायचं आणि कोणाला नाही हेच कळेनासं होतं.

आता उपासाचं. बाबा, तुमचा जीव उपासात आहे हे मला माहीत आहे, पण शुगरची गोळी घेऊन दिवसभर पोट रिकामं ठेवलं आणि शुगर 70 च्या खाली गेली तर चक्कर, घाम, शुद्ध हरपणं इथपर्यंत जाऊ शकतं, आणि त्यात आई एकटी तुम्हाला उचलणार कशी? गोळी बंद करून उपास करणं हे तर अजिबातच नको. जे काही करायचं ते डॉक्टरांना विचारून. उपासाची शिस्त शतकानुशतकं पाळत आलेल्या कॅथलिक चर्चच्या नियमातसुद्धा उपासाचं बंधन 18 व्या वर्षापासून 59 व्या वर्षापर्यंतच आहे, साठीत शिरलेल्या माणसावर ते नाही. आपण कॅथलिक नसलो तरी त्यामागचं शहाणपण घ्यायला काय हरकत आहे.

आणि पोट रिकामं ठेवण्यानेच उपास होतो असं कुठे आहे? दानिएलाने तीन आठवडे फक्त चांगलंचुंगलं अन्न, मांस आणि द्राक्षारस सोडला होता, बाकी तो खात होता. यशयाच्या 58 व्या अध्यायात तर देव विचारतो की उपास करता आणि त्याच दिवशी भांडता, मजुरांना पिळता, हा कसला उपास? भुकेल्याला आपल्यातलं दे, उघड्याला पांघरूण दे, दडपलेल्याला सोडव, हा मला आवडणारा उपास. आम्ही पोटाचा उपास करतो तेव्हा दुपारपर्यंत काय होतं सांगू? पोटाच्या आधी जीभ बोलायला लागते. जरा जरा गोष्टीवर चिडचिड, मुलांवर ओरडणं. आधी वाटायचं भुकेमुळे होतंय, मग कळायला लागलं की राग आतच होता, जेवणाने झाकला होता इतकंच. तेवढ्यासाठी तरी उपास हवा असं मला वाटतं, आपल्याला कशाकशाने दाबून ठेवलंय ते दिसतं आणि मग ते घेऊन प्रभूकडे जाता येतं. हे ताट न सोडताही होतं. बाबा, रात्री टीव्हीवर ती चार माणसं एकमेकांवर ओरडत असतात ते बघून तुमचं डोकं तापतं आणि झोप उडते, तो तास सोडून बघा. तुम्हाला ते जेवण सोडण्यापेक्षा जड जाईल हे मला पक्कं माहीत आहे!

एक गोष्ट मात्र सांगायचीच आहे. उपास केला म्हणजे देवाला ऐकावंच लागेल असं काही जण सांगत फिरतात, आणि आजारी माणसाच्या घरी तर हे जास्तच ऐकायला मिळतं, प्रार्थना कमी पडली, उपास कमी पडला. तुम्ही ते मनाला लावून घेऊ नका. दावीद राजाने आपल्या आजारी बाळासाठी उपास केला, जमिनीवर पडून रात्र रात्र काढली, सातव्या दिवशी बाळ गेलं. मग तो उठला, आंघोळ केली, कपडे बदलले, आधी परमेश्वराच्या मंदिरात जाऊन आराधना केली आणि मग घरी येऊन जेवला. चाकरांना काही कळेना. मागितलेलं मिळालं नाही तरी त्याचं प्रभूकडे जाणं थांबलं नाही, आणि माझ्या मते प्रार्थनेची ताकद तिथे दिसते, फक्त मिळालेल्या उत्तरांत नाही.

आई, आता तू. गुडघे टेकता येत नाहीत म्हणून तुला अपराधी वाटतं ना. हिज्कीया राजा मरणाच्या दुखण्याने अंथरुणावर होता, त्याने फक्त भिंतीकडे तोंड फिरवलं, प्रार्थना केली आणि रडला. तू आता मरणार असा देवाचा निरोप देऊन निघालेला यशया संदेष्टा अजून राजवाड्याच्या मधल्या चौकातून बाहेरही पडला नव्हता तेवढ्यात देवाने त्याला परत पाठवलं की जा, सांग मी ऐकलंय, मी तुझे अश्रू पाहिलेत. आणि शमुवेलाच्या आईचा, हन्नाचा तर आवाजही फुटत नव्हता, नुसते ओठ हलत होते, एली याजकाला वाटलं बाई प्यायलेली आहे. तिथे बसलेल्या याजकाला कळलं नाही पण देवाला कळलं. तू दुपारी पलंगावर पाय लांब करून बसतेस आणि डोळे मिटून पुटपुटतेस ना, ती पूर्ण प्रार्थना आहे, अर्धी नाही. आणि लूकमधली हन्ना संदेष्ट्री, चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा, रात्रंदिवस उपास आणि प्रार्थना, मंदिर सोडून कुठे जायची नाही. बाळ येशूला मंदिरात आणलं तेव्हा एवढ्या गर्दीत त्याला ओळखणाऱ्यांत एक ती होती आणि एक शिमोन, पेत्र नव्हे, हा दुसरा. प्रार्थना करत करत वाट बघणारी माणसं होती ती दोघं.

तर आता माझं मागणं. आईच्या त्या वहीत, जिच्यात ती प्रार्थनेसाठी नावं लिहिते, आमची नावं वर असतात हे मला माहीत आहे, ती खाली टाका आणि ज्यांच्यासाठी कोणीच प्रार्थना करत नाही त्यांची वर घ्या. वेळ एकच ठरवा, थोडा असला तरी चालेल, पण रोजचा, आणि त्या वेळात फोन बंद ठेवा, माझा आला तरी उचलू नका. बाबा, तुम्ही आधी एखादं स्तोत्र वाचा, मग दोघं शांत बसा, बोलायला काही सुचलं नाही तर प्रभूची प्रार्थना म्हणा. आणि वहीतल्या एखाद्या पानाचा फोटो काढून मला पाठवा, म्हणजे तेवढी नावं इकडे मी घेईन.

डॉक्टरांची तारीख कळली की कळवा, मी सोबत यायचं बघते.

तुमची लाडकी
लेक