अठ्ठावीस टक्के ओल

लीड्स
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

दिवाळीत फोनवर "गाडी सर्व्हिसिंगला दिलीय" म्हणाले होते, ते अर्धंच खरं होतं. आमची ती मोटरहोम, आत राहता येतं ती गाडी, सप्टेंबरपासून वर्कशॉपच्या शेडमध्ये उभी होती, मागचा एक कोपरा उघडा करून. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि आईला अर्धवट सांगितलं की उरलेलं ती स्वतः जुळवते आणि ते खऱ्यापेक्षा नेहमी वाईट असतं. म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलंय.

बाबा, तुम्हाला हे प्रकरण कुणापेक्षाही लवकर कळेल. तुम्ही दापोडीच्या वर्कशॉपला होतात तेव्हा नुसत्या चॅसी यायच्या. तोंडाला पंचा गुंडाळलेला ड्रायव्हर, ना टप ना खिडकी, उघड्यावर बसून शेकडो किलोमीटर हाकत आणलेली. मग त्यावर तुम्ही बॉडी चढवायचात. आमची गाडीही तशीच. खालचा सांगाडा आणि इंजिन फियाट डुकाटोचं, इटलीतल्या अतेस्साच्या कारखान्यातलं. त्यावर घर बांधलं जर्मनीतल्या दुसऱ्या कंपनीने. आतला हीटर ट्रुमाचा, फ्रिज आणखी कुणाचा. फरक एवढाच की दापोडीत चॅसी टाटाची असो की लेलँडची, छत गळलं तर बोलणी एसटीच खायची. इथे वॉरंटीची पुस्तकं तीन, आणि प्रत्येकाला वाटतं की बिघाड दुसऱ्याच्या पुस्तकात आहे.

इंजिनाचा त्रास शून्य. आमच्या भागातल्या कारवाल्याकडे एवढी उंच गाडी उचलायला रॅम्पच नव्हता, पण मालवाहू व्हॅनचं काम करणारा एक जण सापडला. ऑइल, फिल्टर, ब्रेक सगळं वेळच्या वेळी होतं. तीन वर्षं झाल्यावरचं पहिलं पासिंग, इथे त्याला एमओटी म्हणतात, तेही गेल्या मार्चमध्ये पहिल्या फटक्यात झालं. तुम्ही तेव्हा म्हणालात, "पासिंग झालं ना, मग झालं." पण एमओटीवाला चाकं, ब्रेक, दिवे, धूर बघतो. भिंतीत पाणी मुरतंय का, हे बघणं त्याचं काम नाही.

आणि आमचं दुखणं भिंतीतलंच.

गाडी आम्ही मार्च २०२२ मध्ये स्टुटगार्टजवळ नवी घेतली, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे असताना मी दोन शब्द शिकले: गेवेअरलाइस्टुंग आणि गारंटी. पहिला म्हणजे विकणाऱ्यावर कायद्यानेच दोन वर्षं असलेली जबाबदारी. दुसरा म्हणजे बनवणाऱ्याने आपल्या मर्जीने, आपल्या अटींवर दिलेला शब्द. आमच्या गाडीच्या घराला पाणी आत येणार नाही याची पाच वर्षांची गारंटी आहे, पण अट अशी की दरवर्षी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये ओल मोजून घ्यायची आणि पुस्तकात शिक्का मारून घ्यायचा. पहिला शिक्का मार्च २०२३ चा, स्टुटगार्टचा, व्यवस्थित.

मग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आम्ही इथे, इंग्लंडला आलो. सहा महिन्यांहून जास्त वापरलेलं घरचंच सामान म्हणून गाडीवरचा कर आणि सीमाशुल्क माफ झालं. (बाबा, तुम्ही त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात "विकून टाक" म्हणत होतात तेव्हा मी गप्प का होते, ते सांगून टाकते. माफी घेतली की बारा महिने गाडी विकता येत नाही, उसनीसुद्धा देता येत नाही.) पुढचे दिवे बदलले, मैलांचा काटा बसवला, मागचा धुक्याचा दिवा उजवीकडे घेतला, नंबर मिळाला. दार मात्र बदलता येत नाही. ते जर्मनीच्या हिशोबाने उजवीकडे आहे, म्हणजे इथे रस्त्याच्या बाजूला उघडतं. चिंगीला पहिला नियम तोच शिकवलाय: आधी काचेतून बघायचं, मग पाय.

मार्च २०२४ ला दुसऱ्या शिक्क्याची वेळ आली. त्या कंपनीच्या गाड्या विकणारे इथे मोजकेच. दोघांना फोन केला. पहिल्याने विचारलं, "आमच्याकडून घेतलीत का?" नाही म्हटल्यावर आवाजच बदलला. दुसऱ्याने ऑक्टोबरची तारीख देऊ केली. तेव्हा मला राग आला होता. पुढे एका मॅनेजरने सरळ सांगितलं की वॉरंटीच्या कामाला कारखाना ठरावीक तास धरतो आणि तासाला ठरावीक पैसे देतो, ते इथल्या मजुरीला पुरत नाहीत. त्याने स्वतः विकलेल्या गाडीसाठी तो ते सोसतो, मी परदेशातून आणलेल्या गाडीसाठी त्याने का सोसावं? आपल्या किराणावाल्याला कुणी मॉलमधला मिक्सर दुरुस्तीला दिला तर तो काय म्हणेल, तसंच.

तर मी काय केलं, दारात येऊन काम करणारा एक मेकॅनिक बोलावला. माणूस हुशार. गॅसची गळती तपासली. जर्मनीची अकरा किलोची टाकी इथे बदलून मिळत नाही, म्हणून इथल्या टाकीची नळी बसवून दिली. ओल मोजली, सगळीकडे १५ टक्क्यांच्या आत. शिक्का मारला. पुस्तकात "अधिकृत" हा शब्द होता, मी तो वाचलाही होता. पण दीडशे पौंड आणि घरबसल्या काम, मन फिरलं. चूक माझी. तुमच्या हाताखाली कुणी असं केलं असतं तर तुम्ही लॉगबुक त्याच्या टेबलावर आपटलं असतंत.

गेल्या मार्चमध्ये मात्र अडीच तासांवरच्या अधिकृत वर्कशॉपची तारीख मिळवली. ओल मोजायचं यंत्र टीव्हीच्या रिमोटएवढं असतं, पुढे दोन टोकं. तो पोरगा कपाटं उघडून, गाद्या उचलून, हातभर अंतरावर ते भिंतीला लावत होता आणि आकडे बोलत होता. दहा, अकरा, दहा, बारा. मागच्या पलंगाच्या डोक्याशी, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, यंत्र ओरडायला लागलं. अठ्ठावीस. वीसच्या वर गेलं की पाणी शिरतंय असं धरतात. मी हात लावून बघितला, भिंत कोरडी लागली. वासही नव्हता. आपल्याकडे जुलैत भिंतीला पोपडे येतात, बुरशी धरते, डोळ्यांना दिसतं तरी. इथे वरून गुळगुळीत कागद आणि आत सगळं कुजतंय.

आणि मग त्याने पुस्तक उघडलं, दुसरा शिक्का बघितला आणि पेन खाली ठेवलं.

आई, तू तेव्हा विचारलं होतंस, "एवढी उतरलेली का दिसतेस?" आणि मी सर्दी म्हणाले होते. ती ही सर्दी.

जावई म्हणाले, जिथून घेतली तिथेच नेऊ. विकणाऱ्यावरची दोन वर्षांची जबाबदारी मार्च २०२४ लाच संपली होती, तरी मी फोन केला. तो म्हणाला, गाडी घेऊन या, बघतो. इथल्या हल बंदरातून हॉलंडच्या रॉटरडॅमला रात्रीची बोट आहे, पुढे दिवसभराचा रस्ता. जमण्यासारखं होतं. पण आता आम्ही इथे राहणारे भारतीय पासपोर्टवाले. गाडीला व्हिसा लागत नाही, मला लागतो! त्यात काम किती दिवस चालेल हे कुणी सांगेना, आणि गाडी तिथे सोडून आलो तर आणायला पुन्हा तेच. तो विचार सोडला.

मग बाबा, मी तुमच्यासारखी बसले. सगळी बिलं तारखेप्रमाणे लावली. तिन्ही वर्षांचे आकडे एका कागदावर, गाडीच्या आराखड्यावर जागा दाखवून. मेकॅनिकने २०२४ मध्ये त्याच कोपऱ्यात ११ टक्के मोजलेले होते, ते लाल पेनाने. चॅसी नंबर वेगळा, घराचा अनुक्रमांक वेगळा, दोन्ही पाट्यांचे फोटो. आणि दुरुस्तीला कुणाचाही हात लागण्याआधी कारखान्याला जर्मन भाषेत पत्र. आधी दुरुस्त करून मग बिल पाठवणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही, एवढं तोवर कळलं होतं. मी भांडले नाही. शिक्का चुकीच्या माणसाचा आहे हे पहिल्याच ओळीत कबूल केलं आणि विचारलं की आकडे तर त्याचेही बरोबर होते, मग बिघाड त्या वर्षानंतरचा आहे हेच त्यातून दिसत नाही का?

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. तिसरा जर्मन शब्द शिकले: कुलान्झ. कायद्याने देणं लागत नाही, अटीतही बसत नाही, तरी बनवणारा चांगुलपणाने देतो ते. सुटं सामान त्यांचं, मजुरी आमची. जावयांना हे अर्धवट वाटलं. मला विचाराल तर पदरात पडलं ते पुष्कळ होतं.

पण सामान यायला जी वाट बघितली! सप्टेंबरची तारीख मिळाली, कोपरा उघडला आणि कळलं की मागच्या कोपऱ्याची पट्टी आणि आतली फळी दोन्ही लागणार. पहिली पट्टी आली ती इंग्लंडसाठी बनवलेल्या गाडीची, भोकं जुळेनात. ती परत गेली. दुसरी सीमाशुल्काच्या कागदांत अडकली. नोव्हेंबरच्या शेवटी आली तोवर शेडमध्ये थंडी एवढी की चिकट पट्टी धरेना. काम झालं जानेवारीत.

उघडलेला कोपरा मी बघून आले होते. वर्कशॉपच्या मेकॅनिकने आतलं लाकूड नुसत्या बोटांनी काढून माझ्या हातावर ठेवलं. चहात जास्त वेळ राहिलेलं ग्लुकोज बिस्कीट कसं होतं, तसं. काळं. आणि एवढं सगळं कशामुळे? मागच्या दिव्याच्या वायरीसाठी पाडलेलं एक भोक, करंगळीएवढं, त्याच्या कडेला सील एका बाजूने भरलंच नव्हतं. चाक पाणी उडवणार आणि ते वर चढत राहणार. तुम्ही म्हणायचात ना, बस वरून कमी आणि खालून जास्त सडते, ते आठवलं. आता तिथे ब्युटिलची, म्हणजे चिकट रबराची, पट्टी घातलीय. मी विचारलं सिलिकॉन का नाही, तर म्हणाला, पुन्हा कधी उघडायची वेळ आली तर सिलिकॉनवर दुसरं काही चिकटत नाही.

मजुरी अकराशे चाळीस पौंड झाली. रुपयात काढू नका. बाबा काढतीलच, पण आईला सांगू नका.

एक गंमत सांगायची राहिली. गाडी परत आणली त्याच आठवड्यात रात्री कडाक्याची थंडी पडली, आणि सकाळी बघते तर गाडीखाली पाणी टपटपतंय. माझे पायच गळाले. वर्कशॉपला फोन लावला, जवळजवळ रडतच. पलीकडचा माणूस हसला. म्हणाला, "बाहेर किती अंश आहे?" ट्रुमाच्या हीटरला एक झडप असते, आत तीन अंशांच्या आसपास तापमान गेलं की ती आपोआप उघडते आणि टाकीतलं सगळं पाणी सोडून देते. पाणी गोठून टाकी फुटू नये म्हणून. तशी फुटली तर ती वॉरंटीत येत नाही. आत गरम केल्याशिवाय ती झडप बंदही होत नाही, मी दोनदा बटण दाबून बघितलं. म्हणजे अख्ख्या गाडीत एकटीच तिचं काम चोख करत होती आणि तिच्यावरच मी संशय घेतला.

विकण्याचं म्हणाल तर आता बंदी नाही. पण जावयांनी एकदाही विषय काढला नाही आणि मीही नाही. तुमचं मे महिन्यातलं यायचं नक्की आहे, तिकिटं काढलीत, तेव्हा पहिली सफर स्कॉटलंडची, तुमच्याबरोबर. खालचा पलंग तुमचा, शिडी चढायची नाही. आई, गाडीचं भरलेलं वजन साडेतीन टनांच्या वर चालत नाही, म्हणजे भाजणी आणि मेतकूट आण, पण मागच्या वेळसारखं दहा किलो ज्वारीचं पीठ नको. इथे मिळतं गं. आणि "वर ताडपत्री टाका" म्हणतेस ते मी विचारलं होतं. वर्कशॉपवाला नको म्हणाला, वारा लागू दे.

मार्चच्या १४ तारखेला चौथा शिक्का आहे. अधिकृत. मी स्वतःही एक छोटं ओल मोजायचं यंत्र घेतलंय. काल दिवसभर पाऊस होता, संध्याकाळी जाऊन त्या कोपऱ्यात लावलं. तेरा. चिंगीने पण लावून बघितलं, तेराच. मग तिने ते स्वतःच्या गालाला लावलं आणि यंत्र ओरडलं.

बाबा, तुमचा अंगठा आणि तुमचा टॉर्च दोन्ही घेऊन या. कोपरा तुम्ही दाबून बघितल्याशिवाय मी तो झाला असं धरणार नाही.

तुमची,
मनी