ठाण्याच्या फलाटावर बाबांनी विचारलेला प्रश्न

बदलापूर, रविवार दुपार

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचल्याचा फोन आला तेव्हा मी गाडीत होते. दिव्याच्या पुढे आवाज तुटायला लागला आणि बोलणं अर्धवट राहिलं. घरी येऊन परत लावता आला असता, पण जे सांगायचंय ते फोनवर माझ्या तोंडून निघणार नाही. बाबा, तुम्हीच म्हणता ना, फोनवरचं वाऱ्यावर जातं, कागदावरचं राहतं. आज मेगाब्लॉक आहे, बाहेर पडायचं नाही. ओम क्लासला गेलाय, हे झोपलेत. म्हणून लिहायला बसले.

गाडी हलायच्या आधी खिडकीच्या गजांतून तुम्ही विचारलंत, "सुमे, बारा दिवस बघतोय. असं काय मिळतं गं तुला इथं, जे देवरुखात मिळणार नाही?" मी "गोळ्या वेळेवर घ्या" असलं काहीतरी बोलले आणि गाडी सुटली. तेव्हापासून पाच दिवस तोच प्रश्न डोक्यात आहे.

आधी आईशी बोलते. आई, माझ्या डाव्या दंडावरचा काळानिळा डाग बघून तू विचारलंस आणि मी सांगितलं, कपाटाचं दार लागलं. ते खोटं होतं. तुम्ही निघायच्या तीन दिवस आधीची गोष्ट. दादरला संध्याकाळी पाऊस लागला होता, गाड्या मागे होत्या, दोन रद्द झाल्या होत्या. तिसरी आली ती भरूनच. सोडली असती तर पुढची कधी येईल ह्याचा नेम नव्हता, आणि तुम्ही घरी जेवायचे थांबला असणार हे मला ठाऊक होतं. मी पाय टाकला. एकच पाय आत टेकला, दुसऱ्याची टाच बाहेरच. मधल्या दांड्यापर्यंत हात पोचत नव्हता. पाठीमागून बॅग कुणाच्या तरी बॅगेत अडकून मला मागे ओढत होती, आणि गाडी सुटली.

तेवढ्यात दोन बायकांच्या खांद्यांमधून एक हात आला. मनगटभर हिरव्या काचेच्या बांगड्या. त्या हाताने माझा दंड धरला आणि असा हिसका दिला की मी आत, कुणाच्या तरी पाठीवर जाऊन आदळले. "आत ये, आत ये, सोडू नको," एवढंच ऐकू आलं. मान वळवायलासुद्धा जागा नव्हती. ठाण्याला अर्धा डबा उतरला, त्यात तीही उतरली असणार. चेहरा मी पाहिलाच नाही. घरी येऊन ओढणी झटकली तर बांगडीचा एक तुकडा पडला. आई, माझ्या दंडावर जे पाच वळ होते ना, ते तिच्या बोटांचे होते.

त्या रात्री तू कुळथाची पिठी केली होतीस. मी दोनदा भात घेतला आणि तू म्हणालीस, "आज भूक लागलेली दिसते." मला जेवताना रडू येत होतं, म्हणून मी मान वर केली नाही. मला दारातून मागे रेटणारी बाया-माणसं ह्याच शहरातली, आणि आत ओढून घेणारी ती बाईही इथलीच.

बाबा, तुम्हाला हे वाचून धडकी भरेल आणि तुम्ही लगेच देवरुखला काकांच्या लॅबमधल्या नोकरीचं पुन्हा काढाल. थांबा. माझं पुरतं ऐकून घ्या.

तुम्हाला दादरहून पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा तुम्ही अख्खा रस्ता खिडकीतून बाहेर बघत होतात. घाटकोपर गेलं, मुलुंड गेलं, ठाणं गेलं. मध्ये एकदाच विचारलंत, "हे संपतं कुठं?" मुंब्र्याजवळ खाडी दिसली, डोंगरावरच्या देवीला समोरच्या बाईने हात जोडले, तेव्हा तुम्हाला वाटलं आता संपलं. पण दिवा आलं, डोंबिवली आली, कल्याण आलं. मी लहान असताना पडवीत बसून तुम्ही धडा शिकवायचात: १८५३ सालची १६ एप्रिल, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. शीव हा शब्दही तुम्हीच फोडून सांगितलात, शीव म्हणजे वेस, तिथे मुंबई संपायची. आता ती वेस तिथून पन्नासेक किलोमीटर सरकून माझ्या दाराशी आली आहे. परळला नोकरी करणाऱ्याला परळला घर घेता येत नाही, म्हणून आम्ही एकेक स्टेशन मागे मागे येत बदलापूरला टेकलो. रोजचं जाणं-येणं धरलं तर एकशेवीसच्या आसपास किलोमीटर होतात. देवरुखहून रत्नागिरीला रोज जाऊन यावं, तसं समजा.

ह्याचा मला राग आहे. खरा राग आहे. ओम आठवीत गेला, आणि त्याचा अभ्यास मी घेतलाय तो बहुतेक रविवारीच. सकाळी मी निघते तेव्हा तो झोपेत असतो. नळाला पाणी यायच्या वेळेवर आमचं उठणं-बसणं ठरतं. आणि संध्याकाळी इंडिकेटरवर गाडीची वेळ पुढे सरकताना दिसली की माझ्या पोटात गोळा येतो, अजूनही, वीस वर्षांनी. फोनवर मी "सगळं छान" म्हणते ते तुम्ही काळजी करू नये म्हणून. त्यातलं निम्मंच खरं असतं, हे आज कबूल करते.

आता उरलेलं निम्मं.

आमच्या सकाळच्या डब्यात आम्ही अकरा जणी आहोत. आई, तू एक दिवस माझ्याबरोबर आलीस तेव्हा त्यांनी उठून तुला खिडकी दिली, आठवतं? ती खिडकी मिळवायला एरवी भांडणं होतात. चौथ्या सीटवर कोण टेकणार ह्यावरून मी स्वतः तावातावाने भांडलेय. पण त्याच डब्यात आम्ही दसऱ्याला झेंडूची तोरणं बांधतो, हळदीकुंकू करतो, मेथी निवडून पिशव्या भरतो. माझी शस्त्रक्रिया झाली तेव्हा महिनाभर कुणी ना कुणी ओमसाठी डबा पोचवत होतं. त्यातल्या तिघींची आडनावं मला आजही माहीत नाहीत. "अंबरनाथवाली", "बँकवाली", एवढंच. देवरुखात मी बाजारात गेले की मास्तरांची मुलगी असते, अमक्यांची सून असते. तो मान मला हवासा वाटतो, पण त्याचं ओझंही वाटतं बाबा. हे तुम्हाला कधी बोलले नव्हते. इथे मी नुसती मी असते. बाविसाव्या वर्षी एकटी कमवायला लागले, रात्री दहाला एकटी घरी आले, कुणी विचारलं नाही. मला ते फार आवडलं होतं, अजून आवडतं.

आणि माझं काम. तुम्ही विचारलंत ना काय मिळतं, तर हे मिळतं. परळच्या रस्त्याने जाताना रोज हाफकिन संस्था लागते. प्लेगच्या साथीत हाफकिनने लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली, हेही तुमच्याच तोंडून ऐकलेलं. त्या प्लेगनंतरच १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दाट वस्त्या फोडून रस्ते काढले, दादर-माटुंग्याला आखून प्लॉट पाडले. म्हणजे हे शहर एकदा शहाणपणानेही पसरलं होतं. आमच्या वाट्याला तसं पसरणं आलं नाही, ह्याचं वाईट वाटतं.

मागच्या महिन्यात परभणीकडचे एक आजोबा आमच्याकडे तपासणीसाठी रक्त द्यायला आले होते. शिरा सापडत नव्हत्या, हात उन्हाने रापून चामड्यासारखा झालेला. मी शीर शोधत होते आणि ते मला विचारत होते, "ताई, तुमचं गाव कोणतं?" इथे प्रत्येक जण हेच विचारतो. सुई टोचली तेव्हा ते देवरुखला पाऊस किती पडतो ते ऐकत होते, टोचल्याचं कळलंही नाही त्यांना. गावाकडे दीड वर्ष नुसत्या तापाच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. इथे आठवड्यात आजाराचं नाव कळलं आणि औषध सुरू झालं. पण तो आठवडा आजोबा आणि त्यांचा मुलगा फुटपाथवर झोपत होते, प्लास्टिकचा कागद अंथरून. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा पत्ता मी त्यांना लिहून दिला. नंबर लागेपर्यंत फुटपाथच. बाबा, त्या रस्त्यावरून मी रोज दोनदा जाते आणि रोज मला लाज वाटते. तरी ती नळी हातात घेऊन मशीनला लावताना वाटतं, मी इथे असायलाच हवी. काकांच्या लॅबमध्ये साखर आणि हिमोग्लोबिन तपासून माझं पोट भरेल, मन भरणार नाही.

तेव्हा मी परत येत नाही. चार रात्री विचार केला, ह्यांच्याशीही बोलले. काकांना माझा निरोप सांगा, त्यांनी आठवण ठेवली हे मी विसरणार नाही. आणि मी फोनवर गाडीबद्दल, पाण्याबद्दल कुरकुरले की "मग ये इकडे" असं लगेच म्हणू नका ना. घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं मी बोलत असते. नुसतं "हं" म्हणा.

बाबा, एक मात्र तुमच्यामुळे झालं. तुम्ही ओमला अंबरनाथच्या देवळात दोनदा नेलंत. मी वीस वर्षं त्या स्टेशनवरून जातेय, तीनदा गेले असेन देवळात. तिथल्या शिलालेखातलं शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हे तो आता पाठ म्हणून दाखवतो. बाहेर वालधुनीचं पाणी बघून तुम्ही गप्प झालात, तेही त्याने मला सांगितलं. "आजोबा नदीकडे बघून काहीच बोलले नाहीत." काल त्याने वहीत शिलालेखाबद्दल प्रश्न लिहून ठेवलेत तुम्हाला विचारायला. त्याला फोन करा, संध्याकाळी सहानंतर.

गणपतीची तिकिटं काढली आहेत, तिघांची, ह्या वेळी दहा दिवस राहणार. दिवाळीनंतर तुम्ही दोघं इथे या, दोन महिन्यांसाठी. पलंग आम्ही खिडकीजवळ हलवतोय, तिथून डोंगर दिसतो.

बाबांची तीन महिन्यांची साखर जास्त आली आहे. घाबरू नका, पण गोळी चुकवू नका. तीन महिन्यांनी काकांकडेच परत तपासा आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवा. आई, तुझं कोकम संपत आलंय.

डागाचं म्हणशील तर दुखत नाही आता. कडेने हिरवट झालाय, मध्ये पिवळा. अजून चार-पाच दिवसांत जाईल. संध्याकाळी दादरला चढले की मी सगळ्यांच्या मनगटांकडे बघते, हिरव्या बांगड्या पुष्कळ जणींच्या असतात.

तुमची,
सुमा