जनरेटर करंट सेन्सरचा कोड: इन्व्हर्टरला ‘हो’ म्हणण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आपल्या हायब्रिड गाडीच्या डॅशबोर्डचा फोटो आणि वर्कशॉपने दिलेला कागद, दोन्ही पाहिले. कागदावरचा पी०ए७२ हा बिघाडाचा कोड, म्हणजे ‘जनरेटर, व्ही फेजचा करंट’ (जनरेटरच्या तीन तारांना यू, व्ही, डब्ल्यू फेज म्हणतात). इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी वीज जनरेटर-मोटरसाठी एसी करणारा डबा) बदलायला लागेल असं ते म्हणतात ते खरंही असेल, पण ते शेवटचं उत्तर आहे. त्याआधीच्या तपासण्या त्यांनी केल्यात का, ते विचारायचं.

आई, आधी तुझ्यासाठी. गाडी चालू होतेय म्हणून कऱ्हाडला काढू नकोस. आपल्या गाडीला वेगळा स्टार्टर नाही, इंजिन फिरवायचं कामही हाच जनरेटर करतो. त्याच्या करंटच्या मापावर भरवसा उरला नाही की कंट्रोलर त्याला बंद करतो. मग इंजिन सुरू होत नाही, बॅटरी भरत नाही आणि उरलेल्या चार्जवर गाडी कुंभार्ली घाटात कुठेतरी उभी राहते. पुढची चाकं रस्त्यावर टेकवून कोणाला ओढूही देऊ नका. चाकांबरोबर मोटर फिरते आणि वीज तयार होते. अख्खी गाडी पाठीवर घेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवा.

बाबा, सबस्टेशनमधली सीटी, म्हणजे करंट मोजायचा ट्रान्सफॉर्मर, तुमच्या ओळखीची, पण इथे ती चालणार नाही. मोटर जवळजवळ थांबलेली असताना जोर लावायचा असतो, तेव्हा करंट डीसीसारखाच असतो आणि सीटीला डीसी दिसत नाही. म्हणून इथे हॉल सेन्सर असतो: लोखंडी कड्याला एक फट, फटीत चिप, पुरवठा ५ व्होल्ट. करंट शून्य असेल तर साधारण २.५ व्होल्ट बाहेर येतात, एका दिशेला वाहिला की वाढतात, उलट्या दिशेला कमी होतात. फेज तीन असले तरी सेन्सर व्ही आणि डब्ल्यू या दोघांवरच बसवतात. तिघांची बेरीज शून्य, त्यामुळे यू वजाबाकीने निघतो. एक सेन्सर चुकला की दोन फेजचा हिशेब चुकतो तो असा.

आता तपासणी. कोड पुसायच्या आधी त्याखालचा उपकोड आणि फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणाचे आकडे, छापून घ्यायला सांगा. ‘रीसेट करून बघू’ म्हणणारा नेमका पुरावाच पुसतो. त्या आकड्यांत एक गोष्ट बघा. गाडी ‘रेडी’ (चालवायला तयार) होताच, जनरेटरला काहीच काम नसताना कोड पडला असेल, तर सेन्सरचं शून्यच सरकलेलं असण्याची शक्यता जास्त. गाडी तापल्यावर किंवा चढावर पडत असेल, तर आतला तडकलेला सांधा किंवा सैल जोडणी. आणि पी०ए७२ सोबत डब्ल्यू फेजचा पी०ए७५ पण असेल, तर दोन सेन्सर एकाच दिवशी मेले असं मी तरी मानणार नाही. दोघांना सामाईक असलेला पुरवठा, अर्थ किंवा कनेक्टर आधी बघायचा.

पी०ए४बी दिसतोय का तेही विचारा. तो जनरेटरच्या रिझॉल्व्हरचा, म्हणजे रोटर कोणत्या कोनात आहे हे सांगणाऱ्या सेन्सरचा कोड. कोन चुकीचा कळला तर करंट चुकीच्या वेळी सोडला जातो आणि दोष भलत्याच्या माथी बसतो. पी०एए६ हा हाय-व्होल्टेज वीज गळत असल्याचा कोड, तो असेल तर आधी इन्सुलेशन तपासायचं.

सगळ्यात स्वस्त तपासणी १२ व्होल्टच्या बॅटरीची. पावसात गाडी आठवडा-आठवडा उभी असते, तेव्हा हीच आधी उतरते आणि कंट्रोलर नको ते कोड टाकतो. गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास आणि ‘रेडी’त १४ च्या आसपास व्होल्ट हवेत. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून मगच पुढचं निदान.

मग इन्व्हर्टरचा लहान कनेक्टर: पिनांवर हिरवट गंज, पाणी, फाकलेली पिन, उंदराने कुरतडलेली वायर. (इंजिन प्रेशरने धुवायची हौस असलेल्या सर्व्हिस सेंटरवाल्यांना आवरा.) जुन्या रचनेत सेन्सरचे सिग्नल वायरिंगमधून बाहेरच्या कंट्रोलरकडे जायचे, त्यामुळे वायरच दोषी निघायची. नव्या रचनेत कंट्रोलर इन्व्हर्टरच्या आतच असतो. बाहेर फक्त पुरवठा, अर्थ, रिझॉल्व्हर आणि संदेशाच्या वायरी उरतात.

यापुढचं काम शिकलेल्या माणसाचं. बाबा, नारिंगी म्हणजे हाय-व्होल्टेज केबलला तुमचा क्लॅम्प मीटर लावायचा नाही, चाळीस वर्षांचा अनुभव असला तरी. त्या माणसाने सर्व्हिस प्लग (हाय-व्होल्टेज बॅटरी तोडणारा प्लग) काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, कपॅसिटर उतरायला १० मिनिटं थांबायचं, १००० व्होल्टचे हातमोजे घालून टर्मिनलवर शून्य आहे का ते मोजायचं. नंतर जनरेटरच्या केबल इन्व्हर्टरपासून सोडवून यू-व्ही, व्ही-डब्ल्यू, डब्ल्यू-यू असे तीन रोध मिलिओहम मीटरवर घ्यायचे. साध्या मल्टिमीटरची टेस्ट लीडच वाइंडिंगपेक्षा जास्त रोध दाखवते. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावतानाही केबल सोडवलेल्याच हव्यात, नाहीतर ५०० व्होल्ट इन्व्हर्टरच्या आत जातील.

हे सगळं ठीक निघालं आणि तरी कोड परत आला, तर मात्र इन्व्हर्टर. सेन्सर आत बंदिस्त असतो, सहसा सुटा मिळत नाही. बदलल्यावर इन्व्हर्टरच्या वेगळ्या कूलंटमधली हवा काढली का ते विचारा, हवा राहिली की नवा इन्व्हर्टरही तापतो. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी वेगळी आणि इन्व्हर्टरची वेगळी असू शकते, तेव्हा तोंडी उत्तर घेऊ नका, लेखी मागा.

फ्रीझ फ्रेमचा कागद मिळाला की फोटो पाठवा. आई, तू काढ, बाबांचे फोटो हलतात.

तुमची,
ताई