ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांना, उघड आभारपत्र

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमच्या हाताखालून इतके पाय जातात की आमच्या बाबांचा पाय तुम्हाला आठवायचं काही कारण नाही. डावी पोटरी लालभडक आणि तकतकीत सुजलेली, हात लावला तर गरम, अंगात हुडहुडी आणि जांघेत अवधाण. डॉक्टरांनी सेल्युलायटिस, म्हणजे कातडीचा आणि तिच्या खालच्या थराचा जंतुसंसर्ग, असल्याचं सांगून शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. त्यांचे आभार आम्ही तिथेच मानले. तुमचे मानायचे राहिले होते. हे पत्र उघड लिहितेय, कारण तुम्ही जे समजावलंत ते आणखी चार घरांच्या उपयोगी पडेल.

तुम्ही आल्या आल्या बाबांच्या पायावर लालीच्या कडेने पेनाने रेघ मारलीत. मग म्हणालात, औषध सुरू झाल्यावरही पहिले 24 ते 48 तास लाली रेघेबाहेर थोडी सरकू शकते. जंतू मरताना त्यांच्यातून जे बाहेर पडतं त्यानेही दाह वाढतो. तेव्हा नुसती रेघ बघू नका. ताप उतरतोय का, माणूस जरा हुशारीत येतोय का, तेही बघा. पण दिसतंय त्याच्या मानाने ठणका भलताच वाढला, कातडी काळी-जांभळी पडली, फोड धरले किंवा तेवढा भाग बधिर झाला, तर रात्रीचे कितीही वाजलेले असोत, हाक मारा. तसला संसर्ग खोलवर जातो, काही तासांत पसरतो आणि त्याला शस्त्रक्रियाच लागते. आम्ही त्या रात्री घाबरलो नाही आणि गाफीलही राहिलो नाही, ते या सूचनेमुळे.

मग तुम्ही पायाची बोटं फाकवून बघायला लागलात. बाबा वैतागले, "दुखतंय पोटरीत आणि बघताय बोटं?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "काका, जंतू आत कुठून शिरला ते नको का शोधायला?" करंगळीच्या बेचक्यात चिखल्या होत्या. पांढरट, भिजलेली, चिरलेली कातडी. बाबांच्या लेखी ती कधी तक्रारच नव्हती.

पुढची पाच मिनिटं तुम्ही जे बोललात ते माझ्या मनात पक्कं बसलं आहे. कातडीवर जंतू कायमच असतात. दहातल्या साधारण तीन धडधाकट माणसांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू मुक्काम करून असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. वरचा मेलेल्या पेशींचा कोरडा थर, कातडीचा किंचित आम्लपणा आणि जागा अडवून बसलेले निरुपद्रवी जंतू एवढ्यांनी मिळून त्याला थोपवून धरलेलं असतं. बुरशीने बेचक्यातला तो थर कुजवला की वाट मोकळी होते. तिथून स्ट्रेप्टोकॉकस नावाचा दुसरा जंतू आत शिरतो, पेशींना धरून ठेवणारा मालमसाला आपल्या विकरांनी (एन्झाइम्सनी) विरघळवतो आणि आतल्या आत पसरत जातो. म्हणून लालीला नीट कडा नसते आणि सहसा पूही साचत नाही. शिवाय अशा प्रत्येक दुखण्यात लसिकावाहिन्यांना, म्हणजे अंगातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांना, इजा होते, पायात सूज राहते, आणि सुजलेला पाय पुढच्या खेपेला आणखी लवकर धरतो. गोळ्यांचा कोर्स संपला तरी बेचक्यातलं बुरशीवरचं मलम काही आठवडे चालूच ठेवायचं, यावर तुमचा एवढा कटाक्ष का होता ते तेव्हा उमगलं. माझ्या मते आमच्यासाठी सगळ्यात मोलाचा उपचार तो होता.

शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या गळवाला चीर दिली आणि बाबांच्या पायाला का नाही, हेही मी विचारलं. घाईत होतात, तरी सांगितलंत. केसाच्या मुळाशी स्टॅफिलोकॉकस घुसला की केसतोड होतो. खोल गेला की गळू, आणि शेजारशेजारची गळवं आतून जोडली गेली की काळपुळी. पू म्हणजे मेलेल्या पांढऱ्या पेशी, जंतू आणि नासलेलं मांस. त्या पिशवीच्या आत रक्त फिरत नाही, म्हणून औषधही धड पोचत नाही. ती रिकामीच करावी लागते. पण ती डॉक्टरांनी. घरी दाबायची नाही, नाकाच्या आणि वरच्या ओठाच्या आसपास तर मुळीच नाही, कारण तिथल्या शिरांचा मेंदूकडच्या शिरांशी संबंध असतो.

(नंतर मी थोडं वाचलं. एकेकाळी घट्ट पांढरा पू हे जखम बरी होत असल्याचं लक्षण समजत! 1880च्या सुमारास अलेक्झांडर ऑगस्टन या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने गळवांमधला पू सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यातले जंतूच गळवाला कारण आहेत हे दाखवलं. तुम्हाला हे ठाऊक असेलच.)

आता चिखल्या भरून आल्यात. आंघोळीनंतर बेचकी कोरडी करायचं काम बाबा कुणी न सांगता करतात आणि बसताना पाय स्टुलावर ठेवतात, कुरकुरत का होईना. आमच्या मावशीला मधुमेह आहे, पायाची संवेदना कमी झालीय; तिची बोटंही तुमच्यासारखी फाकवून बघितली. टाचेला एक भेग निघाली, ती लगेच डॉक्टरांना दाखवली. संध्याकाळी बाबांच्या पोटरीवर अजून थोडी सूज येते, त्यासाठी घट्ट मोजे वापरावेत का हे पुढच्या तपासणीत विचारणार आहोत. तेव्हा तुमच्याकडेही येऊ. बाबांना पाय तुम्हालाच दाखवायचाय.

आपली नम्र,
त्या वैतागलेल्या काकांची मुलगी