डोंबिवली ते परळ : एमबीबीएसला घरून जायचे की खोली घ्यायची?

माननीय संपादक,

वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की ठाणे, कल्याण, डोंबिवली, वसई, पनवेल या पट्ट्यातल्या घराघरांत एकच चर्चा असते. मुलीला किंवा मुलाला परळ, शीव, भायखळा नाहीतर मुंबई सेंट्रलचे महाविद्यालय मिळाले. आता घरून ये-जा करायची की जवळ खोली घ्यायची? बहुतेक घरांत एका बाजूला लोकलचा पास, दुसऱ्या बाजूला खोलीचे भाडे मांडले जाते आणि साडेपाच वर्षांचा निर्णय एका संध्याकाळी होऊन जातो. विद्यार्थी सवलतीमुळे पास निम्म्या दरात मिळतो, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना त्याहून कमी दरात. त्यामुळे या तुलनेत घरच जिंकणार. पण एमबीबीएसच्या प्रत्येक टप्प्यात दिवसाचा वेगळा भाग महाविद्यालयात जातो. म्हणून हा निर्णय टप्प्याटप्प्याने घ्यावा, असे आमचे पालकांना आग्रहाचे सांगणे आहे.

आधी प्रवासाचा वेळ नीट मोजा. डोंबिवली ते दादर जलद लोकल तासाभराच्या आत नेते, हे खरे. पण घर ते स्टेशन रिक्षाची १५ मिनिटे, फलाटावर एखादी गाडी सोडावी लागणे धरून १० मिनिटे, आणि दादरहून परळच्या वर्गापर्यंत २० मिनिटे धरली की एक खेप जवळपास पावणेदोन तासांची होते. परळ आणि शीवला जलद गाड्या सहसा थांबत नाहीत, त्यामुळे तिथे गाडी बदलणे किंवा पुढचे चालणे आलेच. भायखळ्याला जलद गाडी थांबते, म्हणून तेच डोंबिवलीचे घर भायखळ्याच्या जे.जे. रुग्णालयाला जोडलेल्या ग्रँट महाविद्यालयासाठी तुलनेने सोयीचे पडते. हे मोजमाप रविवारी फिरायला गेल्यासारखे करू नये. सोमवार ते शुक्रवारपैकी एका दिवशी, सकाळच्या पहिल्या तासाला पोचायचे धरून, पाठीला पुस्तकांची बॅग लावून एकदा जाऊन-येऊन पाहावे.

किलोमीटरपेक्षा बसायला मिळते का, हे महत्त्वाचे आहे. गर्दीच्या उलट दिशेने जाणारा, म्हणजे दादर-माटुंग्याहून सकाळी ठाण्याकडे किंवा नेरूळकडे जाणारा विद्यार्थी तासभर बसून वाचू शकतो. बदलापूरहून मुंबईकडे उभ्याने येणाऱ्याचा तेवढाच तास वाचनात धरता येत नाही, वर उतरल्यावरचा अर्धा तास थकव्यात जातो.

खोली घेतली की प्रवासाचे सगळे तास वाचतात, हाही गैरसमज आहे. रोजचे साडेतीन तास वाचले तरी कपडे धुणे, डबा किंवा मेसला जाणे, खोली झाडणे, पाणी भरणे यात तास-दीड तास जातो. घरी ही कामे कोणीतरी दुसरे करत असते आणि ती हिशेबात येत नाहीत. निव्वळ बचत साधारण दोन तासांची. हे दोन तास झोपेत आणि वाचनात जाणार असतील तर त्यांचे मोल फार मोठे. जागरणात आणि मोबाइलवर जाणार असतील तर घरच बरे. आपल्या मुलाच्या सवयी पालकांना ठाऊक असतात. इथे भिडेखातर खोटे उत्तर देऊ नये.

आता टप्पे. पहिले वर्ष शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन यांचे. सकाळी आठ-नऊपासून संध्याकाळी चार-पाचपर्यंत दिवस भरलेला, रात्रपाळी नाही, वेळापत्रक ठरलेले. त्यामुळे 'पहिले वर्ष घरून, पुढे बघू' असे म्हटले जाते. ज्यांची एक खेप तासाभरात होते त्यांच्यासाठी ते ठीकच आहे. दीड तासाच्या पुढे मात्र आम्ही उलटा सल्ला देतो. शरीररचनेच्या विच्छेदनात एकेक भाग संपला की लगेच तोंडी परीक्षा असते, सांगाड्याची हाडे हातात घेऊन चार जणांत बसून पाठ करावी लागतात, आणि याच वर्षी बारावीच्या क्लासची अभ्यासपद्धत मोडून नवी बसवायची असते. संध्याकाळी सातला घरी पोचून जेवून झोपणाऱ्या मुलाला हे झेपत नाही. मग पहिल्या चाचणीतल्या अपयशाचे खापर हुशारीवर फोडले जाते.

उपस्थितीचा नियमही लक्षात घ्यावा. परीक्षेला बसण्यासाठी तासिकांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती लागते. म्हणजे १०० प्रात्यक्षिकांत जास्तीत जास्त २० चुकवता येतात. आजारपण, घरचे लग्न, सणासुदीला गावी जाणे यातच त्यातली निम्मी संपतात. उरलेली जुलै-ऑगस्टमध्ये जातात. कुर्ला-शीव दरम्यान रुळांवर पाणी आले, दादरचा हिंदमाता चौक तुंबला की डोंबिवलीकर घरी अडकतो आणि महाविद्यालयाशेजारी खोली घेतलेला विद्यार्थी गुडघाभर पाण्यातून का होईना, हजेरी लावतो. 'गाडी बंद होती' याला हजेरीपटात रकाना नाही.

दुसऱ्या वर्षापासून सकाळी वॉर्डातल्या क्लिनिकल पोस्टिंग (प्रत्यक्ष रुग्णांजवळ शिकण्याच्या पाळ्या) आणि दुपारी तासिका असा दिवस असतो. या मधल्या काळात घरून ये-जा करणे त्यातल्या त्यात शक्य होते, कारण बरेच वाचन एकट्याने करायचे असते. अखेरच्या वर्षात चित्र पुन्हा बदलते. परीक्षेत रुग्ण तपासून दाखवायचा असतो आणि त्याचा खरा सराव संध्याकाळी, वॉर्ड शांत झाल्यावर, निवासी डॉक्टर सवडीने शिकवतात तेव्हा होतो. ६:१० ची गाडी पकडणाऱ्याच्या हातून हेच निसटते. इंटर्नशिपमध्ये तर रात्रपाळ्या असतात. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत लोकल बंद, आणि रविवारी मेगाब्लॉक. त्या वर्षी रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर अंथरूण हवेच. मात्र इंटर्नशिपमधले १२ आठवडे सामाजिक वैद्यकशास्त्राचे असतात आणि ते रुग्णालयाच्या आवारातच होतील असे नाही. ग्रँट महाविद्यालयाचे ग्रामीण केंद्र पालघरला आहे, परळच्या केईएमचे नागरी केंद्र मालाडच्या मालवणीला. परळची खोली तेव्हा रिकामी राहते आणि भाडे चालूच राहते. पोस्टिंगचा क्रम कळल्याशिवाय त्या वर्षाचा करार करू नये.

मुलींच्या बाबतीत सुरक्षेसाठी घरूनच, असा निर्णय विचार न करता होतो. रात्री साडेनऊला बदलापूर किंवा विरारला उतरून पुढे एकटीने रिक्षा करणे हे वसतिगृहापेक्षा सुरक्षित कसे, हा प्रश्न आईवडिलांनी स्वतःला विचारावा.

पैशांचा हिशेब एका कल्पित उदाहरणाने मांडतो. आकडे आपल्या भागाप्रमाणे बदलून घ्यावेत. समजा, तिघांनी मिळून ३६,००० रुपये भाड्याचे घर ११ महिन्यांसाठी घेतले, अनामत दीड लाख. दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी. मुद्रांक शुल्क एकूण भाडे अधिक अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या ०.२५ टक्के, म्हणजे इथे सुमारे १,०२५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. प्रत्येकी भाडे १२,०००, दलालीचा महिनावार वाटा १,१००, डबा ४,०००, वीज-इंटरनेट-धुलाई १,५००. एकूण १८,६००. घरचे जेवण आणि प्रवास वाचतो त्याचे अडीच हजार वजा केले की जादा खर्च १६,००० च्या आसपास. महिन्याला २५ दिवस, रोज दोन तास, म्हणजे ५० तास. एक तास ३२० रुपयांना पडला. शिवाय ५०,००० रुपये अनामतीत अडकले ते वेगळेच. आता ठरवता येते की पहिल्या वर्षी हा तास विकत घ्यायचा, की तेच पैसे अखेरच्या वर्षासाठी राखून ठेवायचे.

सर्वांत मोठे नुकसान घाईमुळे होते. पहिल्या फेरीत मिळालेले महाविद्यालय पुढच्या फेरीत बदलू शकते. 'स्टेटस रिटेन्शन' (मिळालेली जागा कायम ठेवण्याचा) अर्ज भरून जागा पक्की केल्याशिवाय किंवा फेऱ्या संपल्याशिवाय ११ महिन्यांच्या करारावर सही करू नका. तोवर महिन्याच्या बोलीवर पीजी (पेइंग गेस्ट) किंवा कॉट बेसिस (खोलीतली फक्त एक खाट भाड्याने) पुरे. तिघांपैकी एकाला नागपूर मिळाले की उरलेल्या दोघांवर ३६,००० चे भाडे येते आणि लॉक-इन (ठरावीक मुदतीआधी घर न सोडण्याची अट) असेल तर बाहेरही पडता येत नाही. लॉक-इन नको, एक महिन्याची सूचना पुरेशी, आणि सोडून जाणाऱ्याच्या जागी दुसरा विद्यार्थी आणता येईल, ही तीन वाक्ये करारात लिहून घ्या. तिघांचीही नावे करारात हवीत. एकाच्याच नावावर केले की बाकीच्या दोघांकडे पोलिसांना दाखवायला किंवा बँकेत द्यायला पत्त्याचा कागद उरत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. 'नोटरी करू, स्वस्तात होईल' या बोलण्याला फसू नये. अनामत बँकेतूनच द्यावी आणि व्यवहाराचा क्रमांक करारात लिहावा. राहायला जाताना वीजमीटरचा आकडा, भिंती, नळ, गीझर यांचे फोटो काढून घरमालकाला पाठवावेत. सोडताना रंगकामाच्या नावाने अनामत कापली जाते, तिथे हे फोटो कामाला येतात.

परळ, लालबाग, भायखळा, गिरगाव इथे आणखी एक धोका आहे. चाळीतली अनेक घरे पागडीची, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेली असतात. पागडीचा भाडेकरू मूळ मालकाच्या संमतीशिवाय घर दुसऱ्याला देऊ शकत नाही. तसे दिले आणि मालकाने हरकत घेतली तर परीक्षेच्या तोंडावर विद्यार्थ्याला सामान उचलावे लागते. शीवच्या प्रतीक्षानगरसारख्या ठिकाणी म्हाडाच्या संक्रमण शिबिरातील गाळ्यांचेही तसेच. ज्याला तो गाळा तात्पुरता राहायला दिला आहे त्याला तो भाड्याने देण्याचा हक्कच नाही. भाडे आजूबाजूच्या निम्मे सांगितले की आधी घराचे कागद मागावेत.

मदतीच्या वाटा पुष्कळांना उशिरा कळतात. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये, त्यात भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम आणि इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. महाविद्यालयाच्या शहराचा स्थानिक रहिवासी नसण्याची अट नीट वाचावी, आणि बँक खाते आधारशी जोडलेले आहे याची खात्री आधीच करावी. पैसे हप्त्यांनी आणि बऱ्याचदा उशिरा येतात, म्हणून पहिल्या चार महिन्यांचे भाडे त्यावर अवलंबून ठेवू नये. शैक्षणिक कर्ज घेणाऱ्यांनी अर्जातच बाहेरच्या निवास-भोजनाचा वाजवी खर्च दाखवावा. बँका तो विचारात घेतात. मंजुरीनंतर वाढवून मागणे अवघड जाते.

ज्यांना पूर्ण वर्षाची खोली परवडत नाही त्यांनी विद्यापीठ परीक्षेआधीचे तीन महिने कॉट बेसिसवर काढावेत. आमच्या मते थोड्या पैशांत सर्वाधिक फायदा यातच आहे. कॉट मात्र परीक्षेच्या चार-पाच महिने आधी सांगून ठेवावी लागते, कारण त्या दिवसांत सगळेच शोधत असतात.

महाविद्यालयांकडेही आमचे मागणे आहे. गेल्या वर्षीचे पहिल्या वर्षाचे प्रत्यक्ष वेळापत्रक, वसतिगृहातील जागा, अंतराची अट (अनेक ठिकाणी बाहेरगावच्यांना प्राधान्य असल्याने डोंबिवली-विरारकर यादीत खाली जातात), वाटपाची तारीख आणि वाचनालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते, एवढी माहिती पसंतीक्रम भरण्याच्या आधी संकेतस्थळावर टाकावी. राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाने ती माहितीपुस्तिकेत प्रत्येक महाविद्यालयापुढे छापावी. आणि वसतिगृहाच्या वाटपात केवळ जिल्हा न पाहता एका खेपेला लागणारा वेळ पाहावा. बदलापूरच्या विद्यार्थिनीला मुंबईजवळची म्हणून वगळणे हा तिच्यावर अन्याय आहे.

– प्रवेश मार्गदर्शन करणारे काही शिक्षक, ठाणे