दिल्याच्या चेहऱ्याबद्दल विन्याला पत्र

वडसा

प्रिय विन्या,

घरी सगळे बरे. आईचं बीपी गोळीवर, माझा गुडघा तसाच, धान निघालं. आता मुद्द्यावर येतो. हे फोनवर जमत नाही. बाजूला कोणी ना कोणी उभं असतं, आणि तू अर्ध्यातच "अबे, दिल्या पहिल्यापासून तसाच आहे" म्हणून विषय तोडतोस. कागदाला तसं तोडता येणार नाही तुला.

परवाच्या नाटकात दिल्या दुसऱ्या अंकातलं भाषण विसरला. अडखळला नाही, पार विसरला. विंगेतून वाक्य दिलं, पुन्हा दिलं, तो नुसता पाहत राहिला. आपला दिल्या! ज्याला स्वतःचंच काय, नायिकेचंही पाठ असायचं. पेटीवर तुझा सूर घसरला की भर रंगमंचावरून तुला डोळे दाखवायचा तो. लोकांनी शिट्ट्या मारल्या. कंपनीचा मालक म्हणाला, जास्त झाली असेल. पण मी दिवाळीपासून पाहून राहिलो, कारण रंगवताना तो चेहरा माझ्या हाताखाली असतो.

तुला आठवत असेल, त्याला बेस लावायचं कामच नसायचं. भुवई ओढली, काजळ घातलं, की झाला राजपुत्र. जळायचास तू. ब्रह्मपुरीच्या प्रयोगाला मी तुझी जरीची शाल त्याला दिली, तर किती दिवस बोलला नाहीस माझ्याशी! अजूनही सांगतो, शाल त्यालाच शोभत होती.

यंदा रंग बसत नाही. चामडी इतकी कोरडी की पॅनकेक लावला की पापुद्रे उठतात. डोळ्यांखाली सूज, पापण्या जड. आणि गाल भरले आहेत, कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यापाशी. गावात म्हणतात, दिलीपभाऊची तब्येत सुधारली. कशाची सुधारली बे! दंड बघशील तर काटक्या झाल्या आहेत, झब्बा खांद्यावर लटकतो. सुनंदा वहिनीसोबत त्याला ब्रह्मपुरीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं, तेव्हा कळलं की ती चरबीच नाही. कानाखालच्या लाळेच्या गाठी दारूने फुगतात.

मला जास्त भीती वाटली ती छातीवरच्या लाल ठिपक्यांची. गळ्याला रंग लावताना दिसले. मधे टिंब आणि त्यातून बारीक पाय फुटलेले, कोळ्यासारखे. बोटाने दाबलं तर नाहीसं, बोट काढलं की मधून बाहेर पुन्हा रक्त भरतं. बाई म्हणाल्या, पुरुषाच्या अंगातही बायकांचं हार्मोन थोडं असतं. लिव्हर ते मोडून टाकतं. लिव्हर थकलं की ते साचतं, त्याने बारीक शिरा अशा फुगतात. तळहात लाल होतात तेही त्यातूनच, छातीवरचे केस विरळ होतात तेही. आपल्यासारख्या सावळ्या माणसाच्या गालावर लाली लवकर दिसत नाही, म्हणून त्यांनी तळहात पाहिले आणि डोळ्यांचं पांढरं पाहिलं. पिवळसर आहे. मी रोज त्या डोळ्यांत काजळ घालतो विन्या, पण बल्बच्या पिवळ्या उजेडात ते कधी कळलंच नसतं.

(नाकाचं विचारशील. आपल्या क्लॅरिनेटवाल्याला सगळे "टाकून आला" म्हणून चिडवतात ना, त्याचं लाल फुगलेलं नाक पाहून? तो चहासुद्धा अर्धा कप पितो बिचारा. बाईंना विचारलं, तर तो कातडीचा वेगळाच आजार आहे, न पिणाऱ्यालाही होतो. पुढच्या वेळी आलास की त्याची माफी माग. सगळ्यात जास्त तूच चिडवलंस त्याला.)

आणि गळ्याभोवतीचा काळा पट्टा. आम्ही सगळे म्हणायचो, उन्हाने काळवंडला, धानाच्या बांधीत राबतो माणूस. पण तो काळेपणा नेमका सदऱ्याच्या गळ्यापाशी संपतो. हातांवरही तसाच, खरखरीत, बाही जिथवर येते तिथे थांबलेला. बाईंनी पहिला प्रश्न केला, जेवतो का? वहिनी रडायलाच लागल्या. ताट तसंच परत येतं म्हणाल्या. दुसरा प्रश्न, हगवण लागते का? लागते. तिसरा, विसरतो का? तेव्हा मला परवाचं भाषण आठवलं. त्यांना पेलाग्राचा संशय आहे. जीवनसत्त्व बी-३ अंगात कमी पडलं की असं होतं. जो जेवणाऐवजी पितो त्याला मिळणार कुठून, आणि जे मिळतं तेही आतडं नीट घेत नाही. ऊन लागेल तिथे कातडी जळल्यासारखी होते, पोट बिघडतं, डोकं चालत नाही. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, लिव्हरच्या तपासण्या सांगितल्या. हे पेलाग्राचं असेल तर लवकर भरून येईल म्हणाल्या. लिव्हरवर नुसती चरबी चढली असेल तर दारू बंद केल्यावर तीही उतरते. आत कडक व्रण पडले असतील तर ते पुसले जात नाहीत, पण तिथेही बंद केली तर पुढचं वाचतं.

आता मालकाचं ऐक. म्हणतो, "दोन थर जास्त लाव, शंकरपटाचं, बैलांच्या शर्यतीचं बुकिंग आहे, पोस्टरवर त्याचाच फोटो आहे." मी नाही म्हटलं. तुझी भाकरी कशावर आहे, असं विचारलं त्याने मला. माझी भाकरी रंगावर आहे हे खरं, पण मेलेल्याला नवरदेव करायला मी नाही शिकलो. हे मी त्याच्या तोंडावर बोललो. तुला खोटं वाटेल, पण बोललो.

आपल्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. आपल्या आया त्यासाठी मोर्च्यात गेल्या होत्या. तरी मोहाची घरपोच येते. आणि वैनगंगेचा पूल ओलांडला की काही विचारूच नको, तिकडची, चंद्रपूर जिल्ह्याची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली. मी म्हणून बंदीला नावं ठेवणार नाही. बंदी नसती तर दिल्यासारखे घरटी निघाले असते. या मुद्द्यावर तू मागे माझ्याशी भांडला होतास, अजून भांड, मी हटणार नाही.

वहिनी म्हणतात, मार्कंड्याच्या देवळात नेऊन शपथ घालू, त्याच दिवशी बंद. मीही हो म्हणणार होतो. बाईंनी रोखलं. इतकी वर्षं रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम तोडली तर हातपाय थरथरतात, झटके येतात, नाही ते दिसायला लागतं, जीवही जातो. दवाखान्यात भरती करून, औषधाखाली सोडवावी लागते. शपथ नंतर घालू, देव कुठे पळून जातो.

पूजाच्या दहावीचं कळलं, अभिनंदन. तुझी बदली टळली हेही बरं झालं. घराच्या हप्त्याचं नंतर सविस्तर लिही.

काम असं आहे. तिकडे नागपूरच्या मेडिकलला, सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभागात चौकशी कर, भरती कशी करतात, कागद कोणते लागतात, सोबत किती माणसं राहू देतात. मी येईन त्याच्यासोबत, वहिनींना एकटीला पाठवणार नाही. आणि त्याला फोन कर. तो माझं ऐकत नाही, मी रोजचा झालो. तुझं ऐकेल. भल्या सकाळी नको, पहिला पव्वा पोटात जाईपर्यंत त्याचा हात स्थिर नसतो. दहा-अकराला कर. चेहऱ्याचं काही बोलू नको. दुसऱ्या अंकातलं भाषण म्हणायला लाव त्याला, तुला सगळं पाठ आहे, अडला की पुढचं वाक्य दे.

तुझा,
सुध्या

ता. क. नागपूरला न्यायचं मालकाला कळू देऊ नको. बुकिंग जाऊ नये म्हणून तो दिल्याला अडवेल.