स्वस्त गावांच्या याद्या आणि ऐंशीतला माणूस

संपादक महोदय,
स.न.

निवृत्तीनंतर राहायला स्वस्त आणि मस्त छोटी गावं, अशा याद्या हल्ली पुरवण्यांमधून सारख्या येतात, मी आवडीने वाचतो पण दर वेळी एकच खटकतं, यादी करणाऱ्याने घराचा भाव बघितलेला असतो, हवा बघितलेली असते, फोटोत डोंगर नाहीतर तळं असतं आणि तिथे राहणारा माणूस कायम साठीचा धडधाकट असतो. अहो, तो त्याच गावात ऐंशीचा पण होणार ना!

पहिली गोष्ट हॉस्पिटल. गावात दवाखाना आहे म्हणून भागत नाही. मेंदूत गुठळी होऊन पॅरालिसिसचा झटका आला तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याच्या आधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना हे बघावंच लागतं, आणि हे साडेचार तास त्रास सुरू झाल्यापासून मोजतात, हॉस्पिटलच्या दारात पोचल्यापासून नाही. म्हणजे घरच्यांच्या लक्षात येणं, अँब्युलन्स येणं, रस्ता, स्कॅन, सगळं त्यातच. तेव्हा गाव बघायला गेलात की बोर्डवर काय लिहिलंय ते सोडा, सीटी मशीन कुठे आहे आणि रात्री 2 वाजता ते चालवायला कोण असतं हे विचारा. उत्तर देताना समोरचा जरा चाचरला तर समजून घ्या.

दुसरं म्हणजे गाडी. आज चालवता, उद्या डोळे साथ देणार नाहीत. एजंटच्या गाडीत बसून घर बघू नका, भर दुपारी हातात भरलेली पिशवी घेऊन मेडिकलपासून घरापर्यंत चालत या, मग कळतं चढ किती आहे, फुटपाथ कुठे अचानक संपतो, मध्ये टेकायला एक तरी बाक आहे का, आणि बाथरूम लागलं तर काय (हा प्रश्न कुठल्याच यादीत नसतो, वयस्कर माणसाला विचारा किती महत्त्वाचा आहे ते).

जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये ज्येष्ठांना सोयीचं शहर कसं असावं याची मार्गदर्शिका काढली, त्यात आठ बाबी आहेत, वाहतूक, माणसांत मिसळणं, आरोग्यसेवा वगैरे. घर ही त्यातली एक! आपल्या याद्या मात्र त्या एकीवरच सुरू होतात आणि तिथेच संपतात.

बरं स्वस्ताईचं म्हणाल तर महागाई 6 टक्के धरली तरी खर्च 12 वर्षांत दुप्पट होतो, म्हणजे साठीत जो खर्च आहे तो 84 व्या वर्षी चौपट, आणि गाव छोटं म्हणून महागाई तिथे यायची थांबत नाही. शिवाय छोट्या गावात घर घेणं सोपं, विकणं अवघड, कारण गिऱ्हाईकच कमी. सगळी पुंजी भिंतींत घातली आणि गाव नाही मानवलं तर परत मोठ्या शहरात जायला पैसा कुठला आणायचा? म्हणून आधी भाड्याने राहा, निदान वर्षभर, सगळे ऋतू बघा, सुट्टीत आठ दिवस राहून काही कळत नाही.

आणि एक गोष्ट नवरा-बायको एकमेकांशी बोलायचं टाळतात. दोघं मिळून गाव निवडतात पण शेवटची काही वर्षं बहुतेक एकालाच काढायची असतात. मग बँकेचं काम कोण करतं, गाडी कोणाला येते, ओळखीपाळखी कोणाच्या, हे बघून ज्याला यातलं कमी जमतं त्याच्या सोयीने गाव ठरवायला हवं. शांतता पाहिजे म्हणून गावाबाहेर टुमदार बंगला घेणाऱ्यांनी तर हे आधी बोलावं.

तेव्हा पुढची यादी छापाल तेव्हा घराच्या भावाशेजारी तीनच रकाने वाढवा, सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल किती मिनिटांवर, शेवटची बस किती वाजता, आणि तशाच घराचं महिन्याचं भाडं किती. फोटो थोडा लहान केला तर जागा होईल.

– एक ज्येष्ठ वाचक